दिव्यावरची टिकली

मी एकदा माझ्या कपाळावरची टिकली काढून कॉम्प्युटरच्या दिव्यावर चिकटवली होती. आज हसत सांगते, पण तेव्हा मला ते फार हुशारीचं काम वाटलं. दिवा नारिंगी होता, टिकली मरून रंगाची होती आणि ती दिव्यावर अशी मापात बसली, की कंपनीनंच लावून पाठवली असावी. मी दोन पावलं मागे सरकून पाहिलं, स्वतःवर खूश होऊन मान हलवली आणि खिडकीत उभ्या असलेल्या पुढच्या माणसाला चिठ्ठी दिली. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. दोन मुलांची आई होते, आणि आमच्या तालुक्याच्या गावात कॉम्प्युटरचा कोर्स पहिल्या वर्गात पास झालेली एकुलती एक बाई होते. एवढं सगळं असून अक्कल तेवढी यायची राहिली होती.

हे कापसाच्या वाईट वर्षांतलं. त्या वर्षांत यवतमाळ म्हटलं की परगावचा माणूस आवाज खाली करून बोलायचा. वर्तमानपत्रवाले यायचे, फोटो काढून जायचे. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. मी कापूस खरेदी केंद्राच्या खिडकीत बसायची. त्या खिडकीतून जे दिसलं तेवढंच सांगते, आणि त्या वयात मला फार कमी दिसायचं हेही आधीच सांगून टाकते.

आमचं केंद्र जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात होतं. दिवाळी झाली की बैलबंड्या यायला लागायच्या. कापूस इतका वर दाबून भरलेला असायचा, की लांबून बैल दिसायचे नाहीत, पांढरे ढीगच रस्त्यानं चालत येताहेत असं वाटायचं. काट्यावर दिवसाला मोजक्या बंड्या व्हायच्या. बाकीच्या लोकांनी आवारात, बाजाराच्या मैदानात, रस्त्याच्या कडेला निंबाखाली, जागा मिळेल तिथे बंडी सोडायची आणि आपला नंबर भोंग्यावर पुकारला जाईपर्यंत वाट पाहायची. पाच-सहा दिवस सहज जायचे. पूर्वी हे नंबर रजिस्टरात लिहायचे. रजिस्टरातला नंबर मात्र माणूस पाहून हलायचा. ज्याचा मामा संचालक, त्याची बंडी सकाळी उठून पाहावं तर काट्याजवळ. त्यावरून इतक्या मारामाऱ्या झाल्या, की शेवटी आमच्या व्यवस्थापक साहेबांनी ठरवलं, नंबर यंत्रात ठेवायचा. यंत्राला मामा नसतो.

यंत्र नागपूरहून टेम्पोत आलं. साहेबांनी नारळ फोडला. त्याच्याबरोबर एक सडपातळ इंजिनीअर आला होता, त्यानं घाम पुसत पुसत मला सगळं समजावलं. हा साधा कॉम्प्युटर नाही, हा सर्व्हर आहे, हा बंद पडत नाही, असं तो म्हणाला. याच्या पोटात दोन डिस्क आहेत. तुम्ही एक नंबर लिहिला की तो एकाच वेळी दोन्हीकडे लिहिला जातो. एक डिस्क मेली तरी दुसरी काम ओढते, खिडकीतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. वीज घ्यायला दोन वायरी आहेत, एक बॅटरीवरून आणि एक सरळ लाइनीवरून. आमच्याकडे लाइन किती वेळ असते हे कोणीतरी त्याला सांगितलेलं दिसत होतं. वारा घालायला पंखे दोन. आठवण ठेवणाऱ्या पट्टीत एखादं अक्षर उलटं पडलं, तर ती जागच्या जागी सरळ करून घेते. आणि आत एक छोटा प्रोग्राम सारखा प्रत्येकाला विचारत असतो, आहेस का, आहेस का. उत्तर आलं नाही की त्याला बाजूला करून काम पुढे चालू.

मी वही काढून लिहून घेत होते. मग तो थांबला आणि म्हणाला, “मॅडम, एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे यंत्र आपलं दुखणं लपवतं. तेच त्याचं काम आहे. म्हणून हा दिवा आणि ही शिट्टी दिली आहे. दिवा नारिंगी झाला की त्याच दिवशी मला फोन करायचा. तोवर ते एका पायावर उभं आहे असं समजायचं.”

मी वहीत लिहिलं, ‘नारिंगी म्हणजे फोन’. खाली दोन रेघा मारल्या. बाजूला मोगऱ्याचं एक फूल काढलं. ती वही अजून आहे माझ्याकडे. फूल छान आलं आहे.

वर मी एक शहाणपणाचा प्रश्नही विचारला होता. दोन्ही डिस्क वेगवेगळं सांगायला लागल्या तर खरी कोणती मानायची? तो एकदम खुलला. म्हणाला, फार चांगला प्रश्न आहे, दोघीच असतील तर ते सांगता येत नाही. विमानात म्हणे तीन-तीन मेंदू ठेवतात. दोघांचं एक उत्तर आलं की तिसऱ्याला गप्प बसवतात. मी म्हटलं, आमच्या घरी हीच पद्धत आहे, माझे यजमान आणि सासूबाई एकीकडे. तो हसला नाही. त्याचं लग्न व्हायचं होतं.

सासूबाईंचं नाव निघालंच आहे तर हेही सांगते. त्या कैरीचं लोणचं दोन बरण्यांत घालायच्या. एक बरणी स्वैपाकघरात, दुसरी पार मागच्या खोलीत. एक बरणी खराब झाली तरी वर्ष निघावं म्हणून. आणि दर शनिवारी दोन्हींची झाकणं काढून वास घ्यायच्या. भरलेल्या बरणीत दर आठवड्याला काय नाक खुपसायचं, असं मी जाऊबाईंजवळ म्हणायची. आम्ही दोघी खूप हसायचो.

आवारात दुसरे एक जाणकार होते, आमचे मिस्त्रीचाचा. जिनच्या मोटरी, पट्टे, बेअरिंग सगळं त्यांच्याकडे. त्यांची पद्धत अशी, की स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरीला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, ही आठ दिवस चालेल, ही आज संध्याकाळी जाईल. नारळाच्या प्रसादाला आले तेव्हा त्यांनी सर्व्हरभोवती एक चक्कर मारली. मी माझं नवं ज्ञान त्यांच्यापुढे ओतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दोन मोटरी एकाच कामाला लावल्या, तर त्यातली एक बसली हे कळणार कसं? मी म्हटलं, चाचा, हे तुमच्या मोटरीसारखं नाही. ते हो म्हणाले आणि खोबरं खात निघून गेले.

पहिला हंगाम. मी राणीसारखी खिडकीत बसायची. माणसानं नाव-गाव सांगायचं, मी ते टाइप करायचं, प्रिंटर खरखरायचा आणि नंबराची चिठ्ठी बाहेर. कोण आलं, कोण गेलं, मी वर मान करून पाहात नसे. समोर पडद्याची काच होती ना. बोरी अरबचा माणूस असो की आमच्या गल्लीतला, मला सगळे नंबरच दिसायचे. एकदा माझ्या सख्ख्या मावसभावाला मी ‘पुढे सरका’ म्हणून हाकललं, तो दोन वर्षं घरी आला नाही.

एका सकाळी गर्दी अगदी ऐन भरात असताना यंत्र कोकलायला लागलं. बारीक, सतत, कान किटवणारी शिट्टी. दिवा नारिंगी. आता फोन करायचा, हे मला माहीत होतं. पण फोन साहेबांच्या खोलीत, कुलपात. कुलूप काढायला सांगायचं म्हणजे कारण सांगायचं. आणि कारण काय सांगणार? जे यंत्र बंद पडत नाही म्हणून मी तीन आठवडे साऱ्या गावाला ऐकवलं, ते आजारी पडलं? शिवाय दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे साहेब पाहणीला येणार होते. मी नंबर टाकून पाहिला, चिठ्ठी आली. आणखी एक टाकला, तीही आली. चालतंय की, म्हटलं. चालत असलेल्याला काय झालंय? पाहणी होऊन जाऊ दे, मग बघू.

शिट्टी बंद करायची सोय पडद्यावर होती. यंत्रानं इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी हो म्हणून बटण दाबलं. शिट्टी थांबली, दिवा राहिला. खिडकीतली माणसं मान वाकडी करून त्याच्याकडे पाहायला लागली, आणि एकानं तर, बाई, ते काय लुकलुक करून राह्यलं, असं विचारलंच. मग मी ते टिकलीचं काम केलं.

दुपारी चाचा चहाला आले. म्हणाले, सकाळी तुमच्या खोलीतून काहीतरी चिरकत होतं, आता गप्प आहे. मग बशीत चहा ओतत त्यांनी विचारलं, “दुरुस्त झालं, का गप्प केलं?”

मी म्हटलं, दुरुस्त झालं. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, चहा संपवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पाहणी झाली. जिल्ह्याच्या साहेबांना मी बिस्किटं दिली आणि सगळा वेळ यंत्राच्या पुढे उभी राहिले. त्यांनी कौतुक केलं. त्यानंतर मी ती टिकली विसरले. खरंच विसरले. हे काही सांगण्यासारखं नाही, पण आहे ते असं आहे. घरी जाऊन नवीन टिकली लावली आणि जुनी कुठे आहे याचा विचारही केला नाही.

चार दिवसांनी आवारात एक हसण्यासारखी गोष्ट झाली. एका बाईच्या नंबराची चिठ्ठी तिच्या बैलानं खाल्ली. तिनं ती भाकरीबरोबर फडक्यात बांधून बंडीच्या खुंट्याला अडकवली होती. बैलानं फडकं ओढलं, भाकरी खाल्ली, चिठ्ठीही खाल्ली, फडकं चघळून टाकून दिलं. दिवसभर लोक त्या बैलाला नंबर विचारत होते. ती बाई खिडकीत आली. पन्नाशीची असेल, असं मी आता म्हणते, तेव्हा मी पाहिलंच नाही. तिचा नंबर एकशे सत्तेचाळीस होता. बैलजोडी तिच्या भावाची होती, उसनी आणलेली. भावाचा हरभरा पेरायचा खोळंबला होता आणि परवा सकाळपर्यंत बैल त्याच्या दारात पोचायला हवे होते. आज-उद्यात नंबर येतोच आहे, पण चिठ्ठी नसली तर काट्यावर घेतील ना, एवढंच तिला विचारायचं होतं. नाही घेतलं तर ती पार शेवटी जाणार, आणखी पाच-सहा दिवस. तेवढे दिवस बैल ठेवता येणार नव्हते. मग फाटकाजवळ बसलेल्या खासगी व्यापाऱ्याला, तो म्हणेल तसा कापूस देऊन निघावं लागणार.

मी पडद्यावर पाहिलं. एकशे सत्तेचाळीस, तिचं नाव, तिचं गाव. मी यंत्रावर थाप मारली आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, “मावशी, चिठ्ठी गेली तर जाऊ द्या. तुमचा नंबर यात आहे. एकदा नाही, दोनदा लिहिलेला आहे.”

एका पायावर उभ्या असलेल्या यंत्राच्या पाठीवर थाप मारून मी हे सांगत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, एकशे तिसाच्या आसपास पुकारा चालू असताना पडदा थिजला. मी बटणं दाबली, काही हलेना. यंत्राच्या आतून पाल चुकचुकावी तसा आवाज येत होता. चुक, चुक, चुक. आता साहेबांनी स्वतःच कुलूप काढून फोन लावला आणि माझ्या हातात दिला. इंजिनीअर म्हणाला, उद्या सकाळच्या गाडीनं येतो, तोवर चालू-बंद काही करू नका. मग त्यानं विचारलं, दिवा कधीपासून लागलाय? मी विचारलं, कुठला दिवा?

साहेब शेजारी उभे होते. खोटं बोलायला मला तेवढं कारण पुरलं.

बाहेर लोकांना काहीतरी झालंय हे कळलं होतं. साहेबांनी भोंग्यावर सांगितलं, यंत्र बिघडलं आहे, घाबरू नका, आता चिठ्ठी पाहून नंबर घेतले जातील. बऱ्याच जणांना हायसं वाटलं. मी खिडकीतून उठून साहेबांबरोबर काट्याजवळ गेले. एकशे पंचेचाळीस झाला. एकशे सेहेचाळीस झाला, तो बोरी अरबचा एक माणूस होता, गालात तंबाखूचा खर्रा धरून बोलणारा. मग साहेबांनी एकशे सत्तेचाळीस पुकारला आणि दोघं पुढे आले.

एक ती बाई. दुसरा इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस. फाटकाजवळच्या व्यापाऱ्याकडे तो उठबस करायचा, हे आवारात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या हातात चिठ्ठी होती. प्रिंटरची रिबन सुकली की मी कधीमधी नंबर पेनानं लिहून द्यायची, तशी पेनानं लिहिलेली. बैलानं कोणाची चिठ्ठी खाल्ली आणि तिचा नंबर काय, हे तर दोन दिवस आवारात पोराटोरांच्या तोंडी होतं.

बाई म्हणाली, नंबर माझा आहे. तो म्हणाला, चिठ्ठी माझ्या हातात आहे. साहेबांनी बोरी अरबवाल्याला विचारलं, खिडकीत तुझ्या मागे कोण उभं होतं? त्यानं खर्रा बाजूला थुंकला आणि म्हणाला, “हेच बाई होती, साहेब. मी थुकलो तं हिच्या पायावर उडालं. अशी बोलली मले, अशी बोलली, का माहा नंबर येईपर्यंत थांबली नाई.”

इस्त्रीचा शर्ट शांतपणे म्हणाला, “दोघं शेजारच्या गावचे हायेत. तो तिच्याकूनच बोलन.”

झालं. एक इकडचं सांगतो, एक तिकडचं. मला त्या इंजिनीअरला मीच विचारलेला प्रश्न आठवला, आणि साहेबही नेमके तेव्हाच माझ्याकडे वळले. म्हणाले, मॅडम, चिठ्ठी तुम्ही दिलीत, तुम्हीच सांगा, खिडकीत कोण होतं.

तिसरी मी होते. आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. मी त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दोन्ही चेहरे मला सारखेच नवे होते. दीड-दोनशे माणसं माझ्यासमोरून गेली होती आणि मी त्यांच्यातल्या एकालाही पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, गर्दी असते साहेब, लक्षात राहत नाही.

तेव्हा ती बाई बोलली. मोठ्यानं नाही, जेवताना बोलावं तसं. “बाईले आठवत नसन, पण मले आठवते. त्या दिवशी या बाईनं आपल्या कपायाची टिकली काढली अन् मशीनले लावली. मी इचारलं, मशीनले दिट लागली काय जी? तं म्हणे, हो, लागली. अन् मंग मले चिठ्ठी देल्ली.”

लोक हसले. इस्त्रीचा शर्ट सगळ्यात जास्त हसला. म्हातारीला ऊन लागलं, असं तो म्हणाला, आणि साहेबांनीही कपाळाला हात लावला. मला आठवलं. चेहरा नाही, पण दृष्ट लागली का असं विचारणारा आवाज आठवला. मशीनले दिट लागली काय जी, असं कोणीतरी म्हणालं होतं, आणि मान वर न करता मी ‘हो, लागली’ म्हटलं होतं. आणि पुढे चिठ्ठी दिली होती, त्याच सकाळी घातलेल्या नव्या रिबनची, काळीभोर छापलेली.

काहीतरीच बोलते ही बाई, एवढं म्हटलं असतं तरी सगळं मिटत होतं. यंत्र आपोआप बिघडलं, उद्या इंजिनीअर यायच्या आत टिकली काढून टाकली, की कोणाला काही कळणार नव्हतं. मी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, टिकली आहे का ते. का लावला कुणास ठाऊक. चाचा जिनच्या दारात उभे होते, सुताच्या गुंड्यानं हात पुसत. मोटर ऐकतात तसे डोळे मिटून.

मी साहेबांना म्हटलं, जरा आत या. ते आले, त्यांच्यामागे निम्मं आवार आलं. मी नखानं टिकली काढली. दिवा लखलखीत नारिंगी, सहा दिवस झाकलेला असूनही काही कमी झाला नव्हता.

“ती म्हणते ते खरं आहे,” मी म्हटलं. “दिवा लागला तेव्हाच फोन करायचा होता, तो केला नाही. वरून झाकला. झाकल्यावर पहिली चिठ्ठी दिली ती हिला, आणि ती छापलेली होती, पेनानं लिहिलेली नव्हती.”

इस्त्रीचा शर्ट म्हणाला, गर्दीत चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल. साहेबांनी त्याच्या हातातल्या पेनाच्या चिठ्ठीकडे पाहिलं. तो घड्याळ पाहत निघून गेला. बाईची बंडी काट्यावर चढली.

त्यानंतर साहेबांनी एक काम केलं, ते मला आजही चांगलं वाटतं. त्यांनी कोरं रजिस्टर काढलं, मला आणि चाचांना बरोबर घेतलं आणि सगळं आवार, मैदान, निंबाखालच्या बंड्या, एकेकाकडे जाऊन विचारायला लावलं, तुमच्या पुढे कोण होतं, मागे कोण होतं. लोकांना सगळं आठवत होतं. कोणी कोणाकडून काडेपेटी घेतली, कोणाच्या बैलानं कोणाचा कडबा खाल्ला, कोण बोलता बोलता रडलं. जिथे दोघांचं जुळत नव्हतं तिथे आम्ही तिसऱ्याला विचारलं. अंधार पडायच्या आत यादी तयार झाली. मी लिहीत होते आणि पहिल्यांदा माणसांच्या तोंडाकडे पाहून लिहीत होते. मान दुखली.

इंजिनीअर सकाळी आला. त्यानं यंत्राचं पोट उघडलं. मग चिमटीनं पंख्यांतून कापूस काढायला लागला. जिनिंगच्या आवारात हवेत कापूसच असतो, आमच्या भुवयांवरसुद्धा असायचा, तो यंत्रानं जवळजवळ चार आठवडे ओढून घेतला होता. सासूबाईंच्या महिनाभराच्या वाती झाल्या असत्या इतका निघाला. पंखे अडले, आत भट्टी झाली, पहिली डिस्क गेली, आणि तीच धूळ खात दुसरीही गेली. तो मला रागावला नाही. फक्त म्हणाला, दोन होत्या मॅडम, पण दोन्ही एकाच खोक्यात होत्या. मला मागच्या खोलीतली बरणी आठवली. आणि तो शनिवारचा वास.

दुसरी डिस्क थंड करून त्यानं तिच्यातून बरंचसं वाचून काढलं. यादी निघाली, आमच्या रजिस्टराशी ताडून पाहिली, मोजक्या दोन-तीन जागा सोडल्या तर तीच. एकशे सत्तेचाळीसवर त्या बाईचं नाव होतं. आणि यंत्राची आणखी एक वही निघाली, तिच्याबद्दल मला कोणी सांगितलंच नव्हतं. आत जे जे होतं ते ते हे यंत्र वेळेसकट लिहून ठेवायचं. डिस्क गेली, अमुक वाजता. शिट्टी बंद केली, अमुक वाजता. त्यानंतर दोन मिनिटांनी नंबर एकशे सत्तेचाळीस. साहेबांनी ते तीनदा वाचलं आणि मला मेमो दिला. मी मेमो आणि टिकली एकाच पाकिटात ठेवली आहे. माझी नात पुण्यात असल्याच यंत्रांच्या खोलीत काम करते. तिला मी ते पाकीट दाखवलं, तर ती म्हणाली, आम्ही तिकडे अधूनमधून मुद्दाम एखादी वायर ओढून बघतो, नारिंगी दिवा लागतो की नाही आणि कोणी धावत येतं की नाही. मी म्हटलं, बाळा, मला तेव्हा नोकरीवर ठेवलं असतंस का? तिनं विचार केला आणि नाही म्हणाली. माझ्या सासूबाईंवर गेली आहे.

चाचांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. यंत्राची जागा त्यांनी जिनपासून लांब, बंद खोलीत केली, पुढे बारीक जाळी लावली आणि दर शनिवारी ती झटकायचं काम माझ्याकडे दिलं. महिन्यातून एकदा येऊन ते स्क्रू-ड्रायव्हर यंत्राला टेकवायचे आणि मूठ माझ्या कानाजवळ धरायचे. सुरुवातीला मला काहीच ऐकू यायचं नाही.

पण ती संध्याकाळ सांगायची राहिली, यादी करून आम्ही परत आलो तेव्हाची. ती बाई रिकामी बंडी घेऊन खिडकीजवळ थांबली होती. बैल जुंपलेले होते, चिठ्ठी खाल्लेला कोणता ते मी विचारलं, तिनं डावीकडचा दाखवला. अंधार पडत होता आणि तिला रातोरात बैल पोचवायचे होते. मी माफी मागितली. मावशी, मी तुमच्या नंबराची खात्री दिली होती आणि माझ्याच हातानं तो घालवायला निघाले होते, असं काहीतरी म्हटलं, नीट जमलं नाही. तिनं कासरा हातात घेतला, खिडकीच्या गजांजवळ तोंड आणलं आणि म्हणाली:

“ते मशीनचं राहू द्या, बाई. आता माह्या तोंडाकडं एक डाव नीट पाहून घ्या. पुढच्या साली बैलानं चिठ्ठी खाल्ली तं मी तुमाले तोंडपाठ असली पाह्यजे.”